मोटारगाडीच्या दाराची अपघातकालीन सुरक्षा

मोटारगाडीचे दार हे प्रवाशांना आतबाहेर करता यावे म्हणून असते. परंतु अपघाताच्या क्षणी त्याचे काम नेमके उलट होते. धडक बसत असताना दार मिटलेलेच राहिले पाहिजे आणि गाडी स्थिरावल्यावर तेच दार साध्या हाताने उघडता आले पाहिजे. या परस्परविरोधी गरजा भागविण्यासाठी दाराचे हँडल (मूठ), लॉक, बिजागऱ्या आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या यांचा अभिकल्प (आराखडा) एकत्रितपणे करावा लागतो. लॉक कितीही बळकट असले, तरी धडकेच्या धक्क्याने हँडल आपोआप हलले, तर लॉक सुटते आणि मग त्याच्या बळकटीचा काही उपयोग राहत नाही. म्हणून दाराच्या सुरक्षिततेत हँडल हा वरवर किरकोळ दिसणारा भाग निर्णायक ठरतो. प्रस्तुत नोंदीत या यंत्रणेची रचना, तिचा विकास, तिच्यातील दोष टाळण्याचे उपाय व चाचण्या यांचे वर्णन केले असून, मुख्यतः रस्त्यांवरील वाहतुकीवर अवलंबून असलेल्या बीड जिल्ह्यासारख्या भागाच्या दृष्टीने तिचे महत्त्व शेवटी सांगितले आहे.

दार मिटलेले राहण्याची आवश्यकता : ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी एखाद्या भक्कम अडथळ्यावर आदळली आणि तिचा पुढचा भाग चेपून ती सु. ६० सेंमी. अंतरात थांबली, तर तिचा सरासरी मंदन (उलटा प्रवेग) गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. १६ पट असतो. गाडी थांबली, तरी आतील न बांधलेला प्रवासी निरूढीमुळे (जडत्वामुळे) मूळच्या वेगानेच पुढे जात राहतो. गाडी तिरकी आदळली, स्वतःभोवती फिरली किंवा उलटली, तर त्याची गती बाजूच्या दाराकडे वळते. अशा वेळी दार उघडे असेल, तर तो बाहेर फेकला जातो आणि रस्त्यावर, झाडावर किंवा दुसऱ्या वाहनावर आपटतो. कित्येकदा त्याची स्वतःचीच उलटणारी गाडी त्याच्या अंगावर येते. ‘गाडीबाहेर फेकला गेला म्हणून वाचला’ अशा हकिकती ऐकू येतात. परंतु अपघातांच्या पद्धतशीर अभ्यासांतून याउलट निष्कर्ष निघाला आहे. बाहेर फेकल्या गेलेल्या व्यक्तीस मृत्यूचा धोका आत राहिलेल्या व्यक्तीपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो.

दाराचे दुसरे कार्य संरचनात्मक आहे. मिटलेले दार पुढच्या व मधल्या खांबांना जोडणाऱ्या तुळईसारखे काम करते व समोरच्या धडकेतील भाराचा काही अंश मागे पोचविते. दारातील पोलादी आडवी दांडी बाजूच्या धडकेत आत घुसणाऱ्या वाहनाला विरोध करते. या दांडीला एका टोकास बिजागऱ्यांचा व दुसऱ्या टोकास लॉकचा आधार असतो. लॉक सुटल्यास तिचे एक टोक निराधार होते आणि दार आत ढकलले जाते.

रचना : आधुनिक मोटारीच्या बाजूच्या दाराला पुढील कडेस दोन बिजागऱ्या व मागील कडेस लॉक असते. गाडीच्या खांबावर पोलादी कडी किंवा खुंटी घट्ट बसविलेली असते. तिला कारागिरांच्या भाषेत ‘स्ट्रायकर’ म्हणतात. दारातील लॉकमध्ये फिरता दुबेळकी आकडा असतो. दार लावताना कडी आकड्याच्या खाचेत शिरते, आकडा फिरून तिला कवेत घेतो आणि एक स्प्रिंगयुक्त खिट्टी आकड्याच्या दात्यात अडकून त्याला उलट फिरू देत नाही. आकड्याला दोन दाते असतात. पहिल्या दात्यात खिट्टी अडकली, म्हणजे दार अर्धवट लागते व त्याची कड किंचित वर राहते. दुसऱ्या दात्यात अडकली, म्हणजे ते पूर्ण लागते. दार नीट न लावता गाडी सुरू केली, तरी ते एकदम उघडू नये, यासाठी पहिल्या दात्याची योजना असते.

हँडल ओढल्यावर ही खिट्टी दात्यातून निघते. बाहेरील हँडलाची हालचाल एका काटकोनी तरफेद्वारे उभ्या दांडीला मिळते, दांडी लॉकवरील तरफ हलविते व ती तरफ खिट्टी मागे खेचते. आतील हँडल दुसऱ्या दांडीने किंवा वेष्टनातून सरकणाऱ्या तारेने त्याच तरफेला जोडलेले असते. खिट्टी काही मिलिमीटर मागे सरकली, तरी दार सुटण्यास ते पुरेसे असते, कारण आकड्याची स्प्रिंग व दाराभोवतीची दाबलेली रबरी पट्टी दोन्ही दाराला बाहेर ढकलत असतात. दाराला आतून कुलूप लावल्यास हँडल व खिट्टी यांच्यामधील दुवा निसटतो व हँडल ओढले, तरी दार उघडत नाही. मागील दारांना मुलांसाठी वेगळा खटका असतो. तो लावल्यास आतील हँडल निकामी होते.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारींची दारे लाकडी चौकटीवर बसविलेली असत आणि त्यांची लॉक घरातील दाराच्या खटक्यासारखी असत. त्यांतील जीभ खांबावरील पट्टीमागे अडकून दाराला बाहेर जाऊ देत नसे. मात्र गाडीच्या लांबीच्या दिशेने जीभ व पट्टी यांना एकत्र धरून ठेवणारे काहीच नसे. अपघातात गाडीची काया पिळवटून दाराची चौकट एक-दोन सेंमी. जरी लांबली, तरी जीभ पट्टीतून निसटे व दार उघडे.

मोटारगाडीकडे प्रवाशांचे वेष्टन म्हणून पाहण्याची दृष्टी अमेरिकन अभियंते ह्यू डिहेवन यांनी दिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते विमान अपघातातून बचावले होते. त्यांच्या विचारसरणीनुसार काचसामान पाठविताना खोका फुटू नये, त्याचे झाकण उघडून वस्तू बाहेर सांडू नयेत आणि आत वस्तू इतस्ततः आदळू नयेत, अशी जी काळजी घेतली जाते, तीच मोटारीतील माणसांच्या बाबतीत घेतली पाहिजे. त्यांच्या कार्यातून कॉर्नेल विद्यापीठात अपघातातील इजांचे संशोधन सुरू झाले. पोलिसांचे पंचनामे, छायाचित्रे व वैद्यकीय अहवाल एकत्र करून तेथे १९५० नंतरच्या दशकात जे विश्लेषण झाले, त्यातून धडकेत दारे उघडणे ही नित्याची गोष्ट असून तिच्यामुळे अनेक प्राण जातात, असे स्पष्ट झाले.

या निष्कर्षांचा परिणाम अमेरिकन कारखान्यांवर झाला. जीभ व पट्टी लांबीच्या दिशेनेही एकमेकींत गुंतविणारी लॉक १९५५–५६ च्या सुमारास प्रचारात आली. फोर्ड कंपनीने १९५६ सालच्या मोटारींत अशी लॉक, खोलगट सुकाणू चक्र व ऐच्छिक आसनपट्टे एकत्रितपणे दिले. जर्मनीत मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९५९ मध्ये पाचरीच्या आकाराची खुंटी व दोन टप्प्यांची पकड असलेले लॉक वापरले. त्याच वर्षी स्वीडनच्या व्हॉल्व्हो कंपनीतील नील्स बोलीन यांनी तयार केलेला तीन बिंदूंचा आसनपट्टा मोटारींत बसविण्यात येऊ लागला. पुढे जीभ व पट्टी यांची जागा कडीला कवेत घेणाऱ्या फिरत्या आकड्याने घेतली आणि हाच प्रकार आज सर्वत्र रूढ आहे.

बिजागऱ्यांची जागाही या काळात बदलली. महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ या टोपणनावाने परिचित असलेल्या फियाट ११०० मोटारीच्या पुढील दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असत व दार पुढील कडेने उघडे. असे दार धावत्या गाडीत जरासे सुटले, तर समोरून येणारा वारा त्याला खेचून पूर्ण उघडतो. बिजागरी पुढे असल्यास तोच वारा दाराला मिटवू पाहतो. या कारणाने पुढील कडेस बिजागरी असलेली दारे सार्वत्रिक झाली.

अपघातात दार सुटण्याची कारणे : ही कारणे स्थूलमानाने चार आहेत. (१) भारामुळे लॉक, कडी किंवा बिजागरी तुटणे अथवा त्यांच्याभोवतीचा पत्रा फाटणे. (२) चौकट पिळवटून कडी व आकडा यांची एकमेकांवरील पकड सुटणे. (३) दाराचा बाहेरील पत्रा आत दबल्यामुळे हँडल व लॉक यांच्यातील अंतर बदलून मधली दांडी खेचली जाणे. येथे लॉक शाबूत असते, परंतु अपघात जणू त्याला उघडण्याची आज्ञा देतो. (४) निरूढीमुळे हँडल स्वतःहून हलणे.

यांपैकी चौथे कारण सहजी ध्यानात येत नाही. बाजूने धडक बसली, म्हणजे दार एकाएकी आत ढकलले जाते. बाहेरील हँडल दाराला एका आसाभोवती फिरेल असे जोडलेले असते. दार आत जात असताना हँडल निरूढीमुळे आपल्या मूळ जागी राहू पाहते. म्हणजेच दाराच्या सापेक्ष ते बाहेर येते. माणसाच्या हाताने ओढल्यावर हँडलाची जी हालचाल होते, तीच येथे हाताविना होते. समजा, हँडलाचे परिणामी वजन ८० ग्रॅ. आहे व दाराचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या ३० पट आहे. तर हँडल सु. २·४ किग्रॅ. वजनाने ओढल्यासारखे होते (प्रेरणा सु. २३·५ न्यूटन). धडक नेमकी दारावर बसल्यास काही सहस्रांश सेकंद त्याचा प्रवेग याहून पुष्कळ जास्त असू शकतो. हा काळ डोळ्याची पापणी मिटण्यापेक्षाही कमी असतो. तथापि खिट्टीला काही मिलिमीटर सरकण्यास तो पुरतो.

गाडी उलटताना बाहेर आलेले हँडल जमिनीवर घासून ओढले जाणे, तसेच आतील प्रवाशाचा हात किंवा गुडघा आतील हँडलावर आदळणे, हेही संभवते. जुन्या गाड्यांतील दाबकळीच्या हँडलांत बाहेरची वस्तू कळीवर दाबली जाऊन दार सुटण्याचा धोका असे.

हँडलाचा अभिकल्प : निरूढीचा परिणाम टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे हँडल हलके करणे. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव हँडलांऐवजी काचतंतुयुक्त प्लॅस्टिकची हँडले वापरल्याने हा हेतू काही अंशी साध्य होतो. दुसरा उपाय म्हणजे परतीची स्प्रिंग जोरदार करणे. हा उपाय सोपा असला, तरी त्याला मर्यादा आहे. कारण फार ताठ हँडल वृद्ध, मुले व दुखापत झालेली व्यक्ती यांना ओढता येत नाही.

तिसरा उपाय प्रतिभाराचा होय. हँडलाने हलणाऱ्या तरफेच्या विरुद्ध बाजूस धातूचा छोटा तुकडा बसवितात. धडकेत हँडल व प्रतिभार दोन्ही एकाच दिशेने मागे राहू पाहतात. परंतु ते आसाच्या विरुद्ध बाजूंस असल्याने त्यांची परिबले (फिरविण्याच्या प्रवृत्ती) एकमेकांविरुद्ध असतात व तरफ जागीच राहते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत समान वजने असताना तराजू उचलला, तरी दांडी कलत नाही, तसाच हा प्रकार आहे. हाताने ओढताना मात्र प्रेरणा केवळ हँडलावरच लागते, त्यामुळे दार नेहमीसारखे उघडते. हे संतुलन करताना फक्त हँडलाचा विचार पुरत नाही. दांड्या, तरफा व खिट्टी यांपैकी प्रत्येक भागाचे वजन, त्याचे आसापासूनचे अंतर व त्याच्या हालचालीची दिशा हिशेबात घ्यावी लागते.

चौथा उपाय म्हणजे निरूढी-अडसर. हा एक लहानसा लोलक असून एरवी तो हँडलाच्या मार्गातून बाजूस असतो. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त धक्का बसताच तो झुलतो आणि तरफेसमोर येऊन तिला अडवितो. धक्का ओसरल्यावर स्प्रिंगमुळे तो परत गेला पाहिजे. तो तेथेच अडकून राहिल्यास सुटकेसाठी आलेल्यांना दार उघडता येणार नाही.

दाराचा पत्रा दबल्याने दांडी खेचली जाऊ नये म्हणून दांड्यांची मांडणी अशी करतात, की पत्रा आत गेल्यास जोडणी ताणली न जाता सैल पडेल. सरळ दांडीऐवजी थोडी ढील ठेवलेली तार वापरणे हाही यावरचा उपाय आहे. लॉकच्या पाठीमागील पत्र्याला जाड पट्टीने बळकटी देतात व कडी खांबाच्या आतील जाड पट्टीत आटे पाडून बसवितात. आतील हँडल दाराच्या खोबणीत बसवितात, म्हणजे शरीराच्या धक्क्याने ते सहसा ओढले जात नाही.

मानके व चाचण्या : अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यानंतर दारांची लॉक व बिजागऱ्या यांविषयीचे संघीय मानक क्र. २०६ हे १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाचे विनियम क्र. ११ हे १९६९ मध्ये अंमलात आले. या दोहोंचा मेळ घालून नोव्हेंबर २००४ मध्ये जीनिव्हा येथे ‘जागतिक तांत्रिक विनियम क्र. १’ मान्य झाले. निरनिराळ्या देशांना समान असे वाहनांविषयीचे पहिलेच जागतिक विनियम दारांच्या लॉकसंबंधी असावे, यावरून या विषयाचे महत्त्व कळते. ज्या कराराखाली ते तयार झाले, त्यात भारत २००६ मध्ये सामील झाला.

या विनियमानुसार पूर्ण लागलेल्या लॉकने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन (सु. १,१२० किग्रॅ. वजनाइतकी) व आडव्या दिशेने ९,००० न्यूटन प्रेरणा न सुटता सहन केली पाहिजे, अर्धवट लागलेल्या लॉकची अपेक्षित ताकद सु. ४,५०० न्यूटन आहे. म्हणजे दार अर्धवट लागले असता त्याची पकड निम्मी किंवा त्याहून कमी असते. बिजागऱ्यांनाही ११,००० व ९,००० न्यूटनच्या कसोट्या आहेत. याखेरीज लॉक, हँडल व मधली जोडणी या सर्वांवर गुरुत्वीय प्रवेगाच्या ३० पट प्रवेग दिला असता लॉक सुटता कामा नये. ही अट गणिताने किंवा प्रत्यक्ष चाचणीने सिद्ध करता येते. सरकत्या दाराला आतून एकूण १८,००० न्यूटन प्रेरणेने बाहेर ढकलले असता चौकट व दार यांत १०० मिमी. पेक्षा अधिक फट पडू नये, अशी अपेक्षा आहे.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांखाली दारांची लॉक व दार धरून ठेवणारे भाग यांना भारतीय मानक १४२२५ (१९९५) लागू करण्यात आले. सुट्या भागांच्या या कसोट्यांनंतर संपूर्ण मोटारीच्या धडक चाचण्या आल्या. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या प्रारूपांना व १ ऑक्टोबर २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ताशी ५६ किमी. वेगाची समोरील आंशिक धडक व ताशी ५० किमी. वेगाने येणाऱ्या फिरत्या अडथळ्याची बाजूची धडक या चाचण्या आवश्यक ठरल्या. चाचणी चालू असताना एकही दार उघडू नये आणि समोरील धडकेच्या चाचणीनंतर आसनांच्या प्रत्येक रांगेसाठी निदान एक दार हत्याराविना उघडता यावे, अशा अटी त्यांत आहेत. अशा चाचण्यांची सोय असणाऱ्या संस्थांत पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख आहे. ग्राहकांना मोटारींची तुलना करता यावी म्हणून १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन्‌कॅप ही तारांकित मूल्यांकन पद्धती सुरू झाली.

अपघातानंतर दार उघडणे : आधुनिक मोटारींत ठराविक वेगानंतर दारांना आपोआप कुलूप लागते. कुलूप लागलेल्या दारात हँडल व खिट्टी यांच्यातील दुवा निसटलेला असल्याने हँडल हलल्याने दार सुटण्याची शक्यता आणखी कमी होते. परंतु असे दार बाहेरून उघडता येत नाही. म्हणून वायुपिशव्या फुगविणाऱ्या संवेदकाकडून संदेश मिळताच सर्व कुलुपे आपोआप उघडतील, अशी व्यवस्था पुष्कळ मोटारींत करतात. कुलूप उघडले, तरी लॉक लागलेलेच असते. ते हँडल ओढल्यावरच सुटते.

एकविसाव्या शतकात, विशेषतः विद्युत् मोटारींत, पत्र्याशी समतल बसणारी व गरजेपुरती बाहेर येणारी हँडले प्रचारात आली. त्यांमुळे हवेचा विरोध किंचित कमी होतो. अशा काही मोटारींत लॉक विद्युत् चलित्राने सुटते. धडकेत विद्युत् पुरवठा खंडित झाल्यास बाहेरील हँडल बाहेर न येण्याचा धोका असतो. म्हणून आत एक स्वतंत्र यांत्रिक कळ ठेवतात. ही कळ कोठे आहे, हे गाडीतील प्रत्येकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. दार मिटून ठेवण्यात यश आले, तरी ते उघडण्यात अपयश आले, तर अभिकल्प अपुराच ठरतो.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात : बालाघाटच्या डोंगररांगांनी विभागलेल्या या अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात परळी वैजनाथ हे रेल्वे प्रस्थानक असले, तरी बहुतेक तालुक्यांची वाहतूक दीर्घकाळ रस्त्यांनीच होत आली आहे. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग (क्र. ५२) बीड व गेवराईवरून जातो. उच्च शिक्षण, वैद्यकीय उपचार, व्यापार व शासकीय कामे यांसाठी पुणे, मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथे रात्रीचा लांब पल्ल्याचा मोटारप्रवास करण्याचा प्रघात येथे आहे. अशा प्रवासात पुढील आसनावरील माणसे पट्टा बांधतात. मागील आसनावरची मात्र पुष्कळदा दाराला टेकून झोपलेली असतात. त्यांच्या व रस्त्याच्या मध्ये दाराचे लॉक एवढीच काय ती आडकाठी असते.

जिल्ह्यातील दोन परिचित नेत्यांचे मृत्यू मोटार अपघातांत झाले. नाथ्रा (ता. परळी वैजनाथ) येथे जन्मलेले केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे हे ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जात असता त्यांच्या मोटारीला चौकात दुसऱ्या मोटारीची बाजूने धडक बसली, ते मागील आसनावर होते. विधान परिषदेचे माजी सदस्य विनायक मेटे हे १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे बीडहून मुंबईस जात असता मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर त्यांची मोटार पुढील मालमोटारीवर आदळली. या घटनांचा उल्लेख दारांच्या दोषाचे उदाहरण म्हणून नव्हे, तर दाराच्या संरक्षणाची मर्यादा ध्यानात यावी म्हणून केला आहे. दार मिटलेले राहिले, तरी आतील माणूस आतल्या आत आदळू शकतो. त्याला जागी धरून ठेवण्याचे काम आसनपट्ट्याचेच असते. श्री. मुंडे यांच्या निधनानंतर मागील आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोर तोंड करून बसणाऱ्या मागील प्रवाशांनाही पट्टा बांधणे बंधनकारक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी १६,७१५ व्यक्तींनी पट्टा बांधलेला नव्हता आणि त्यांतील जवळजवळ निम्मे, म्हणजे ८,३३१, हे चालक नसून प्रवासी होते.

ग्रामीण भागातील प्रवासी जीपगाड्यांचा प्रश्न निराळा आहे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसविल्यावर मागील दार मिटत नाही. ते दोरीने बांधतात किंवा उघडेच ठेवून काहीजण पायरीवर उभे राहतात. दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जाणारी ऊसतोड मजुरांची कुटुंबे तर मालमोटारी व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांतून संसारासह प्रवास करतात. तेथे दारही नसते व पट्टाही नसतो. दाराच्या लॉकचा अभिकल्प कितीही प्रगत झाला, तरी त्याचा लाभ अशा प्रवाशांपर्यंत पोचत नाही.

देखभाल : कारखान्यातून निघालेल्या दाराची सुरक्षा पुढे गॅरेजमधील कामावर अवलंबून असते. बिजागऱ्यांच्या खिळी झिजल्या, म्हणजे दार खाली ओघळते व आकडा कडीला वेडावाकडा भिडतो. असे दार उचलून लावावे लागते; ही सवय करून न घेता बिजागरी बदलणे योग्य ठरते. लॉकमध्ये धूळ व घट्ट झालेले ग्रीस साचल्यास खिट्टी दुसऱ्या दात्यात पूर्ण बसत नाही. ते साफ करून योग्य वंगण द्यावे लागते. अपघातानंतर पत्रा ठोकून सरळ केलेल्या दारात कडीची जागा, आडवी दांडी आणि लॉकमागील पत्रा यांची तपासणी रंगकामापूर्वी झाली पाहिजे. मोडलेल्या हँडलाच्या जागी हलक्या प्रतीचे हँडल बसविल्यास त्यातील स्प्रिंग व प्रतिभार मूळ अभिकल्पाशी जुळतीलच असे नाही. दिसायला सारखे असलेले हँडल धडकेत सारखे वागत नाही.

दार पूर्ण लागले की नाही, हे कडेची पातळी पाहून, दार लागल्याचे दोन आवाज ऐकून व चालकासमोरील सूचक दिव्यावरून कळते. पहिल्या आवाजानंतर थांबलेले दार लागल्यासारखे दिसत असले, तरी त्याची पकड निम्मी किंवा त्याहून कमी असते. असे दार गाडी थांबवून पुन्हा उघडून लावावे.